बलामाची गाढवी आणि आपला कोठा

शास्त्रपाठ : गणना २२:२१–३५. सोबत वाचावे : अनुवाद १८:९–१४, १ शमुवेल ६:७–१२, नीतिसूत्रे २७:२३, यशया १:३.

पाठाचा हेतू : जनावर आपली रोजची रीत सोडून वागू लागले म्हणजे त्यात शकुन पाहू नये, कारण शोधावे, आणि असे कारण शोधणे हाही देवाच्या सेवेचाच एक भाग आहे, हे शिकणे.



यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातील एका लहान गावी आपल्या मंडळीतील एक कुटुंब राहते. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी व तूर; एक बैलजोडी, एक गाय, तिचा वर्षाचा गोऱ्हा, चार शेळ्या आणि अंगणात दहाबारा कोंबड्या, एवढाच त्यांचा पसारा. काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचा निरोप आला की, घरात फार भीती पसरली आहे, तरी प्रार्थनेस यावे. मी गेलो तेव्हा घरची वृद्ध आजी उंबऱ्यातच बसली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, कोंबडी आरवली. तीन दिवस झाले, कोंबड्यासारखी बांग देते. आता घरातलं कोनी तरी जाते."

शेजाऱ्यांनी ती कोंबडी कापून गावाबाहेर टाकण्याचा सल्ला दिला होता. भगताकडून अंगारा आणावा, असेही कोणी सुचविले होते. ह्या घराचा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षे लोटली होती. तरी त्या तीन दिवसांत घरातील कोणाच्याही तोंडी देवाचे नाव आले नाही, कोंबडीचेच आले. मी वचन वाचले, प्रार्थना केली आणि कोंबडी का आरवते ते समजावून सांगितले. आजीच्या मुखावर थोडे हसू आले, व मलाही माझ्या ज्ञानाचे समाधान वाटले.

निघताना घरचा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला की, गोऱ्हा सकाळपासून पाणी पीत नाही व त्याच्या तोंडातून लाळ गळते. मी म्हणालो, "घशात काही अडकले असेल." कंदिलाच्या उजेडात मी गोऱ्ह्याचा जबडा उघडून धरला व मुलाने आत हात घालून चाचपले. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी त्याची बोटे ओरखडलेली होती. घशात काही सापडले नाही. सकाळपर्यंत बरे होईल, असे सांगून मी घरी परतलो. पुढे काय झाले ते ह्या पाठाच्या शेवटी सांगेन. प्रथम शास्त्राकडे वळू.

१. शकुन पाहणाऱ्यास जे दिसले नाही

बलाम हा सामान्य मनुष्य नव्हता. शकुन पाहणारा म्हणून त्याची कीर्ती मवाबाच्या बलाक राजापर्यंत गेली होती, आणि राजाचे वडीलजन शकुनाची दक्षिणा हाती घेऊनच त्याच्याकडे आले होते (गणना २२:७). अशा मनुष्याची गाढवी वाटेत तीन वेळा अडली. पहिल्या वेळी ती रस्ता सोडून शेतात शिरली. दुसऱ्या वेळी द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमध्ये अंग चोरताना तिने धन्याचा पाय भिंतीशी चेंगरला. तिसऱ्या वेळी, उजवीडावीकडे वळण्यास जागाच नव्हती तेथे, ती त्याच्याखाली बसून गेली. तिन्ही वेळा बलामाने तिला मारले.

येथे थोडे थांबून विचार करू या. दूरदेशीच्या राजांना ज्याने भविष्य सांगावे त्याला स्वतःच्या पुढे दहा हातांवर उभा असलेला परमेश्वराचा दूत दिसला नाही. आणि ज्या मुक्या प्राण्याला कोणी काही विचारत नाही त्याला तो दिसला. शकुनाचा धंदा मनुष्याला अधिक डोळस करीत नाही, आंधळाच करतो. ज्याचे डोळे सदा अदृश्य अनिष्टाकडे लागलेले असतात त्याला समोरचे दिसत नाही.

पुढे परमेश्वराने गाढवीचे तोंड उघडले, तेव्हा तिने काय विचारले ते पाहा. तिने भविष्य सांगितले नाही, की शापही दिला नाही. आजवर इतकी वर्षे तू माझ्यावर बसत आला आहेस, तर असे वागण्याची माझी कधी रीत होती काय, एवढेच तिने विचारले. आणि बलामाला 'नाही' म्हणावे लागले (वचन ३०). बंधूंनो, ह्या प्रश्नात आजच्या पाठाचे मर्म आहे. जनावराची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला रीत मोडलेली कळते. आणि रीत मोडली असता तिचे काही कारण असते. बलामाने काठी उचलण्यापूर्वी हाच प्रश्न मनाशी केला असता तर तिन्ही मार वाचले असते. दूताने त्याला पुढे सांगितले की, गाढवी वळली नसती तर तू मेला असतास, आणि ती जगली असती (वचन ३३). म्हणजे जिने प्राण वाचविला तिच्यावरच त्याने काठी चालविली.

गाढवाला आपण हट्टी म्हणतो. वास्तविक घोडा भ्याला म्हणजे उधळतो, आणि गाढवाला संशय आला म्हणजे ते जागीच थांबते व परिस्थिती पाहते. त्याचा तो विचार असतो, व आपण त्याला हट्ट असे नाव देतो. गुरांचेही असेच आहे. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्यांना जवळजवळ सभोवारचे दिसते. आणि आपल्याला ऐकू न येणारे बारीक आवाज व न येणारे वास त्यांना कळतात. आपल्याच जिल्ह्यात राळेगाव व पांढरकवड्याच्या रानांत एका वाघिणीच्या भयाने गावेच्या गावे दिवस काढीत होती. ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री मारली गेली. अशा रानात नाल्याच्या तोंडाशी बैल एकाएकी थबकला, कान टवकारून फुरफुरू लागला, तर शहाणा गुराखी काय करील? तो काठी मारील, की आधी पाहील?

२. आपल्या कोठ्यातील नवलाच्या गोष्टी

आता आपल्या घरी जे प्रकार घडतात व ज्यांना आपण करणी, नजर किंवा अपशकुन म्हणतो त्यांतील काहींची कारणे पाहू.

कोंबडी आरवते ती का? कोंबडीचे बहुधा डाव्या बाजूचेच अंडाशय वाढते. उजवे खुरटलेले राहते. डावे अंडाशय रोगाने किंवा वयाने निकामी झाले म्हणजे कधीकधी उजव्या बाजूचा तो खुरटलेला अवयव नराच्या ग्रंथीसारखा वाढू लागतो. मग तिचा तुरा वाढतो, अंडी बंद होतात आणि ती बांग देऊ लागते. कळपात कोंबडा नसल्यास एखादी दांडगी कोंबडीही कधी आरवते. ह्यात घरातील माणसाच्या मरणाचा काय संबंध? ही भीती केवळ आपल्याच लोकांची आहे असे मात्र समजू नये. स्वित्झर्लंडातील बाझेल शहरी, जेथे ख्रिस्ती मंडळी शेकडो वर्षे नांदत होती, १४७४ साली कोंबड्याने अंडे घातले म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालविण्यात आला व त्याला जाळण्यात आले. तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्याने शकुनाची भीती आपोआप धुऊन जाते असे नाही. ती ज्ञानाने व विश्वासाने रोज काढावी लागते.

गाय हाडे, चिंध्या, चपला चघळते. गावात म्हणतात, गाईच्या तोंडी हाड आले, घराचा नाश होणार. खरे कारण बहुधा तिच्या चाऱ्यात असते. उन्हाळ्यात केवळ कडबा व कुटार खाणाऱ्या जनावराच्या अंगात फॉस्फरस नावाच्या क्षाराची उणीव पडते, आणि तो क्षार हाडांत असल्यामुळे गाय हाडांकडे ओढली जाते. तिला मारून उपयोग नाही, परंतु हाड मात्र काढून घ्यावे. कारण कुजलेल्या सांगाड्यात कधीकधी असे विष तयार होते की, त्याने जनावराचे अंग लुळे पडून ते दगावते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण किंवा चाटण्याची वीट द्यावी.

शेळी आपल्याच पिल्लाला ढुशी मारून दूर लोटते. आपण म्हणतो, नजर लागली. शेळी व्याल्यावर पहिल्या काही घटकांत पिल्लाला चाटून त्याचा वास ओळखून ठेवते. त्याच वेळी आपण पिल्लू उचलून नेले, धुऊन पुसून कोरडे केले, तर त्याचा वास तिला पटत नाही व ती त्याला परके समजते. पिल्लू चाटण्यास तिच्यापुढेच ठेवावे. तिने नाकारलेच तर तिला धरून पिल्लास पाजावे, व तिचेच दूध पिल्लाच्या अंगाला चोळावे. पुष्कळदा ती त्याला पुन्हा जवळ करते.

शांत गाय एकाएकी दूध काढू देत नाही, लाथ मारते. तिला दोष देण्यापूर्वी कास चाचपून पाहावी. ती गरम, कठीण व सुजलेली असेल तर ते दुखणे आहे, दुष्टपणा नव्हे. ह्या प्रत्येक ठिकाणी गाढवीचाच प्रश्न पुन्हा ऐकू येतो : असे वागण्याची माझी रीत होती काय?

३. नंदीबैलाची मान

सुगीच्या दिवसांत नंदीबैलवाला आपल्या दारी येतो. बैलाला झूल, शिंगांना रंग, मालकाच्या हाती ढोलके. तो विचारतो, पाऊस पडेल काय, मुलीचे लग्न ठरेल काय. आणि बैल मान डोलावतो. आपल्या मंडळीतीलही काहीजण आडून उभे राहून ते ऐकतात, व दाराआडून सुपात धान्य धरतात. गरीब मनुष्यास धान्य द्यावे, त्यास मना नाही. पण बैलाला काय ठाऊक असते?

जर्मनीत बर्लिन शहरी हान्स नावाचा एक घोडा होता. गणित घातले की खूर आपटून तो बरोबर उत्तर देई. १९०४ साली विद्वानांच्या मंडळाने त्याची तपासणी केली, पण त्यांना कोठे लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट ह्या शोधकाने बारकाईने प्रयोग करून १९०७ साली दाखवून दिले की, विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्यास दिसत नसला, तर हान्सला काहीच सांगता येत नसे. खुरांची संख्या बरोबर झाली म्हणजे विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हालत असे. घोडा ते पाही व थांबे. त्याला गणित येत नव्हते. त्याला मनुष्य वाचता येत होता.

नंदीबैलाचेही तसेच. मालकाच्या आवाजातील चढउतार, ढोलक्याचा ठोका, दोरीचा हलका ओढा, ह्या खुणा तो वर्षानुवर्षे शिकलेला असतो. त्याला उद्याचा पाऊस कळत नाही. त्याला धनी कळतो. ही काही लहान गोष्ट नव्हे. पाऊस सांगण्यापेक्षा हेच मोठे नवल आहे.

४. एक शंका

येथे एखादा शास्त्र जाणणारा उपदेशक विचारील : पलिष्ट्यांनी दोन दुभत्या गाई गाडीला जुंपल्या, त्यांची वासरे घरी कोंडली, आणि त्या गाई उजवीडावीकडे न वळता सरळ बेथ-शेमेशाच्या वाटेने गेल्या, मग जनावराच्या वागण्यात देव खूण देत नाही काय?

ह्याला उत्तर असे. त्या गाई वाटभर हंबरत गेल्या, असे शास्त्र सांगते. म्हणजे वासराची ओढ त्यांच्यातून गेली नव्हती. रीत मोडून त्यांना चालविणारा हात देवाचा होता. देव आपल्या प्राण्यांचा धनी आहे, हे त्या गोष्टीवरून शिकावे. परंतु ती परीक्षा ठरविणारे लोक देवाच्या वचनाविना होते. त्यांचे पुजारी व दैवज्ञ ह्यांनीच ती योजिली. आपल्या हाती वचन दिलेले असता आपण पलिष्ट्यांच्या रीतीकडे परत का जावे? इस्राएलास तर शकुन पाहण्याची स्पष्ट मनाई आहे (अनुवाद १८). आणि प्रभू येशूने चिमणीचे उदाहरण दिले ते अशासाठी की, तीही पित्यावाचून भूमीवर पडत नाही, हे जाणून आपण भिऊ नये (मत्तय १०:२९–३१). त्याने पक्ष्याकडे बोट दाखविले ते भय घालविण्यासाठी. आपण पक्ष्याकडे पाहतो ते भय वाढविण्यासाठी.

५. गोऱ्ह्याचे काय झाले

आता त्या घराकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी गोऱ्हा घोगऱ्या आवाजात सारखा हंबरू लागला व खुंट्यावर डोके आपटू लागला. माणसाजवळ कधी शिंग न उगारणारे ते जनावर अंगावर धावू लागले. घरच्या धन्याने जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी दुरूनच पाहिले व पहिला प्रश्न विचारला, "ह्याला कुत्रे चावले होते काय?" तेव्हा मुलाने खाली मान घालून सांगितले की, दीड महिन्यापूर्वी वावरात एक अनोळखी कुत्रे गोऱ्ह्याच्या पायाला चावून पळाले होते, बाबा रागावतील म्हणून तो बोलला नव्हता. डॉक्टरांनी ही पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे असल्याचे सांगितले. तोंडात कोणी हात घातला होता काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा मुलगा व मी एकमेकांकडे पाहू लागलो.

तिसऱ्या दिवशी गोऱ्हा मेला. त्याला खोल पुरले. मुलाला व मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या प्रत्येक दिवशी जाऊन लस टोचून घ्यावी लागली. देवाच्या कृपेने मुलगा आज धडधाकट आहे व बैल हाकतो. पण त्या रात्रीची आठवण मला अजून टोचते. सारे घर एका निरुपद्रवी कोंबडीकडे कान लावून बसले होते, आणि खरे मरण कोठ्यात मुकाट्याने लाळ गाळीत उभे होते. आजीला मी शकुनाविषयी उपदेश केला. पण गोऱ्ह्याची रीत मोडली आहे, हे कळूनही मी स्वतः कारण विचारले नाही. त्या रात्री आजीपेक्षा मीच बलामाच्या अधिक जवळ होतो.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीस वाचून दाखवाव्या :

(१) जनावर लाळ गाळते, गिळू शकत नाही, आवाज बदलून हंबरते किंवा एकाएकी अंगावर येते, तर त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे बांधावे, मुलांना दूर ठेवावे, आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. अशा जनावराचे दूध वापरू नये.

(२) कुत्रे चावले किंवा संशयित जनावराची लाळ जखमेस, ओरखड्यास, डोळ्यांस वा तोंडास लागली, तर विलंब करू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. डोळ्यांत वा तोंडात लाळ गेली असेल तर तेथे केवळ स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. तिखट, चुना, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी, व डॉक्टर सांगतील तर रक्तद्रवाचे इंजेक्शनही घ्यावे. नेमलेली एकही तारीख चुकवू नये.

(३) रोगाची लक्षणे मनुष्यात दिसू लागली म्हणजे त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणांपूर्वी वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचविते. लुई पाश्चर ह्यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका मुलास प्रथम अशी लस टोचली, व तो वाचला. ही देवाची देणगी नाकारून कोणी मंत्र घालण्यास नेऊ लागला तर त्याला अडवावे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा अपराध आहे.

(४) मुलांनी भिऊन गोष्ट लपवू नये अशी घरात वागणूक असावी. त्या मुलाने दीड महिना तोंड मिटले ते बापाच्या रागामुळे. जेथे काठी आधी बोलते तेथे जनावरही मुके व लेकरूही मुके.

निर्गम २१:२९ मध्ये असा नियम आहे की, बैल मारका आहे हे सांगितल्यावरही धन्याने त्याला आवरले नाही व कोणी मेले, तर दोष धन्यावर येतो. आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घ्यावी, असा नीतिसूत्राचाही बोध आहे. जनावराकडे लक्ष देणे हे देवापुढील कर्तव्य आहे.

शेवटी यशयाच्या पहिल्या अध्यायातील गोष्ट मनात आणा. तेथे परमेश्वर आपल्या लोकांविषयी दुःखाने म्हणतो की, बैलाला आपला मालक कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कळत नाही. नंदीबैल धन्याच्या दोरीचा हलका ओढाही ओळखतो. संध्याकाळी धनी बंडीत झोपी गेला तरी बैल घराची वाट चुकत नाहीत. आपल्याला आपला धनी इतका ओळखू येतो काय? कोंबडी आरवली की आपण दचकतो. आणि आपला मेंढपाळ हाक मारतो तेव्हा मान तरी वर करतो काय? उद्या सकाळी कोठ्यात शेण काढताना हा प्रश्न आपण प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न :

१. बलामाला दूत का दिसला नाही, व गाढवीला का दिसला?
२. आपल्या घरी अजून कोणते शकुन मानले जातात? त्यांतील एकाचे खरे कारण शोधून पुढील सभेत सांगा.
३. गेल्या महिन्यात रागाने कोणत्या जनावरावर किंवा लेकरावर हात उगारला? त्याने काय सांगण्याचा प्रयत्न केला होता?
४. आपल्या गावापासून जनावरांचा व माणसांचा सरकारी दवाखाना किती दूर आहे, व रात्री तेथे कसे पोहोचता येईल, हे उपदेशकाने सर्वांस सांगावे.